स्टिअरिंग जवळ-लांब होत नाही; स्पेसर लावून बसण्याची स्थिती सुधारेल का, आणि तो कसा बसवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: स्टिअरिंग वर-खाली होतं पण जवळ येत नाही, पायांना पुरेल इतकी सीट मागे घेतली की हात ताणले जातात, म्हणून चाक जवळ आणायला मध्ये ५० मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, लावायचा विचार आहे. लावता येतो आणि जाडी बरोबर निवडली तर फरकही जाणवतो. फक्त ५० हा आकडा अंदाजपंचे ठरवू नका.

आधी क्लच (ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक) पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट लावा. मग पाठ उभी करा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच मिटते, कारण पाठ गरजेपेक्षा जास्त कललेली असते. दोन-तीन खाचा पुढे घेतली की खांदे चांगलेच पुढे येतात. आता खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ करा आणि स्टिअरिंगच्या चाकाच्या वरच्या कडेवर न्या. मनगट कडेवर टेकलं तर स्पेसरची गरजच नाही. नुसती बोटं पोचत असतील तर मनगट आणि कड यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. ३५ मिमी भरलं तर ३० चा घ्या, ५० चा नको.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कॉलम, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो स्टिअरिंगचा दांडा, तिरका असतो, त्यामुळे स्पेसर चाक नुसतं मागे आणत नाही, वरही उचलतो. तिरकेपणा २५ अंश धरला तर ५० मिमीच्या स्पेसरने चाक सुमारे ४५ मिमी मागे आणि २१ मिमी वर येतं. टिल्ट (चाक वर-खाली करायची सोय) आधीच सगळ्यात खाली असेल तर चाकाची कड मीटरच्या आड येऊ शकते. मांड्यांना मात्र जागा वाढते.

पुढचं सगळं चाकात एअरबॅग आहे की नाही यावर ठरतं.

बिनएअरबॅगचं, बॉसवर (शाफ्ट आणि चाक जोडणाऱ्या मधल्या भागावर) सहा बोल्टांनी बसवलेलं चाक असेल तर स्पेसर बॉस आणि चाक यांच्यामध्ये जातो. भोकांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, आधी तपासा. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या चाकांना साधारणपणे ७० मिमी, नार्डी आणि पर्सनलच्या चाकांना ७४ मिमी. चार मिलीमीटरच तर फरक, असं म्हणून तिरके बोल्ट रेटू नका. आटे जातात आणि चाक मध्यावर बसत नाही.

खरी चूक होते ती बोल्टच्या लांबीत. काही स्पेसरना स्वतःचे आटे असतात: आधी स्पेसर बॉसला बसतो, मग चाक स्पेसरला, आणि जुने बोल्ट चालून जातात. आरपार भोकांच्या स्पेसरला लांब बोल्ट लागतात. हिशोब सोपा आहे: चाकाच्या पत्र्याची जाडी, हॉर्नच्या रिंगची जाडी, स्पेसर, आणि बॉसच्या आत किमान ८ मिमी आटे. पत्रा ३, रिंग २, स्पेसर २५ असेल तर ३८ होतात, म्हणजे एम ५ चा (५ मिमी व्यासाचा) ४० मिमी लांब बोल्ट. बॉस ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून व्यासाच्या दीडपट तरी आटे पकडले पाहिजेत. चार-पाच मिमीवर लटकलेला बोल्ट एक दिवस आटे ओढून बाहेर येतो. उलट बाजूही बघा. बॉसचं भोक आरपार नसेल आणि बोल्ट जास्त लांब असेल तर तो तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण चाक सैलच. म्हणून स्पेसर न लावता बोल्ट बॉसमध्ये हाताने किती आत जातो ते आधी पाहून घ्या. चाकाच्या पत्र्याला खोलगट भोकं असतील तर बोल्टही तसेच तिरक्या डोक्याचे हवेत, गोल डोक्याचे नाहीत. सहाही बोल्ट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. एम ५ ला साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतात. मोठा दांडा लावून जोर काढला तर बोल्ट तुटतो. मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, एक थेंब. लाल लावलात तर पुढे उघडताना रडाल.

हॉर्नची वायर स्पेसरच्या मधल्या भोकातून, न चेपता न्या. चेपली की बॉडीला लागते आणि हॉर्न वाजतच राहतो. एकावर एक दोन स्पेसर अजिबात नकोत. त्यापेक्षा उंच बॉस घ्या, किंवा डीप डिश चाक, ज्याची कड पत्र्यापासून ७० ते ९० मिमी मागे येते. जितके सांधे कमी तितकं चांगलं.

एअरबॅगचं मूळ चाक असेल तर वर सांगितलेला स्पेसर चालत नाही. त्यासाठी त्याच गाडीचा स्प्लाइनवाला (दातेरी) स्पेसर हवा: एका बाजूने कॉलमच्या शाफ्टवर बसणारा, दुसऱ्या बाजूला तशाच दात्यांचा तुकडा, आणि सोबत क्लॉक स्प्रिंग फिरवणाऱ्या खुंट्या लांबवणारा भाग. क्लॉक स्प्रिंग म्हणजे चाकामागची गुंडाळलेली पट्टी; ती एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची वीज नेते. चाक मागे गेलं आणि खुंट्या पोचल्या नाहीत तर चाक फिरतं, ती फिरत नाही, आणि वायर पिळवटून तुटते. इंडिकेटर आपोआप बंद करणारा भाग तिथेच असेल तर तोही काम सोडतो. तुमच्या मॉडेलसाठी असा संच मिळत नसेल तर विषय तिथेच सोडा. एअरबॅग काढून दुसरं चाक बसवा आणि एअरबॅगच्या दिव्यासाठी रेझिस्टर जोडा, असं सुचवणारे भेटतील. त्याने दिवा विझतो, बाकी काही होत नाही.

चाकाच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेमी राहिलेच पाहिजेत. एअरबॅग उघडताना पहिल्या ५ ते ८ सेमीत तिचा मारा सगळ्यात जास्त असतो. आत्ताच्या अंतरातून स्पेसरची जाडी वजा करा. २५ च्या खाली आलं तर स्पेसर नको. वाहननियम आणि विम्याच्या अटीही आधीच वाचा, कारण अपघातानंतर हा बदल आडवा येऊ शकतो.

काम करताना पुढची चाकं सरळ ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तेवढा वेळ थांबा. एअरबॅगचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो, त्याची कुलूपपट्टी आधी उचला. त्याला मल्टिमीटर लावू नका. काढलेली एअरबॅग कव्हर वर करून, बाजूला ठेवा. मधला नट सोडवताना स्टिअरिंग लॉकवर जोर देऊ नका, लॉक तुटतो. कुणाला तरी चाक धरायला सांगा. नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या, म्हणजे चाक अचानक सुटून तोंडावर येणार नाही. शाफ्ट आणि चाकावर रंगाने एक रेघ मारा. चाक निघत नसेल तर पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावा. शाफ्टवर हातोडा मारणं म्हणजे आत सरकणाऱ्या कॉलमच्या सांध्यांची आणि बेअरिंगची वाट लावणं.

चाक निघालं की क्लॉक स्प्रिंगला लगेच चिकटपट्टी लावून जागीच धरून ठेवा. चुकून फिरलीच तर हलक्या हाताने एका टोकाला नेऊन तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्मे परत या. हे चुकलं तर चाक पूर्ण वळवताना पट्टी तुटते. अनेक गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर तिथेच असतो. तो हलला तर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि स्कॅनरने शून्य करून घ्यावं लागतं.

जोडताना मधला नट गाडीच्या टॉर्कलाच आवळा. एकदाच वापरायचा नट किंवा बोल्ट असेल तर नवा घ्या. सगळं लागल्यावर बॅटरी जोडताना चाकासमोर कुणी बसू नये. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मग चाक दोन्ही टोकांना फिरवून बघा: वायर ओढली जाते का, हॉर्न वाजतो का, इंडिकेटर परत येतो का.

चाक जड-हलकं होणार नाही, ते व्यासावर ठरतं. पण इंडिकेटरच्या दांड्या आहेत तिथेच राहतात, आणि ३० मिमीच्या वर बऱ्याच जणांना त्यांच्यासाठी हात चाकावरून उचलावा लागतो. उठताना चाकाला लोंबकळायची सवय असेल तर सोडा. तरफ लांबली की कॉलमच्या बेअरिंगवरचा ताणही वाढतो. शंभरेक किलोमीटर चालवून चाक वर-खाली हलवून पाहा आणि बॉसचे बोल्ट असतील तर टॉर्क पुन्हा तपासा. सरळ रस्त्यावर चाक थोडं वाकडं दिसत असेल तर ते स्प्लाइनच्या एका दाताने चुकलंय. रेघ बघून काढून परत बसवा, पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटला हात लावू नका.