एक्सप्रेसवेवर पहिल्यांदा जाताना

लायसन्स मिळालं, मनापासून अभिनंदन! बडोद्यात दांडिया बाजारच्या गर्दीतून गाडी काढतोस म्हणजे हात बसलाय. अहमदाबाद एक्सप्रेसवेला मात्र वेगळ्या सवयी लागतात.

वेगमर्यादा उगाच कमी ठेवलीय, असं तुला वाटेलच. सरळ, रुंद रस्ता, बंद काचा. वेग अंगाला जाणवतच नाही. त्यात सगळे पुढे निघतात, म्हणून पाय आपोआप दाबला जातो. मोकळ्या रस्त्यावर मलाही ती कमीच वाटते, पण त्याच रस्त्यावर माल भरलेले ट्रकही असतात. हिशेब बघ: ९३ किलोमीटर १०० ऐवजी १२० ने गेलास, तर वाचतात जेमतेम ९ मिनिटं. धडकेची ऊर्जा मात्र ४४ टक्क्यांनी वाढते.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- स्पीडोमीटरच्या काट्यावर नजर ठेव. एक्सप्रेसवेवरून उतरल्यावर तर नक्कीच. तेव्हा ७० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं.
- पुढच्या गाडीपासून ३ सेकंदांचं अंतर ठेव. नवीन मुलं इथेच सर्वांत जास्त चुकतात. १०० च्या वेगात एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते.
- उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी.

मागून कोणी लाइट मारले तर डावीकडे ये, वेग वाढवू नकोस. पावसातलं आणि रात्रीचं ड्रायव्हिंग नंतर बघू. आधी दिवसा, कोरड्या रस्त्यावर दोन-चार फेऱ्या मार.