मस्टँगच्या पोटाखाली लोखंडी चेंबर गार्ड मारून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की फोर्डची मस्टँग, म्हणजे जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार, जुन्यात घेतली आहे, कोल्हापूरहून गारगोटीकडं नेहमी जाणं-येणं असतं, गावागावातले स्पीडब्रेकर पोटाला घासतात आणि ओळखीचा फॅब्रिकेटर ‘जाड पत्रा मारून देतो, विषय संपला’ म्हणतोय. मी गाड्यांच्या खालच्या बाजूचीच कामं करतो, म्हणून सांगतो: पत्रा मारायला हरकत नाही, पण आज नको. आधी गाडी नेमकी कुठं लागतेय ते शोधा. नाक लागणं, पोट लागणं आणि सायलेन्सर लागणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि चेंबर गार्ड, म्हणजे चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याखाली) मारायचा पत्रा, त्यातल्या एकाच दुखण्यावर चालतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. गाडी लिफ्टवर घेऊन खालची बाजू धुऊन कोरडी करा. मग सगळ्यात खाली येणाऱ्या जागांवर, म्हणजे बंपरची खालची कड, प्लास्टिकचा ट्रे, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची लोखंडी चौकट), सायलेन्सरचे पाइप आणि बाजूचे सिल, म्हणजे दारांखालच्या कडा, पांढरा पोस्टर कलर लावा. गरम पाइपवर तो टिकत नाही, तिथं ओरखडेच बघायचे. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यानं फिरवा आणि पुन्हा वर घ्या. कुठला रंग खरवडला गेलाय ते दिसतं. ओरखड्याची दिशाही बघा. समोरून मागं सरळ ओढ असेल तर स्पीडब्रेकर, वाकडातिकडा ठोका असेल तर खड्डा किंवा दगड.

त्याच वेळी दोन गोष्टी तपासा. पहिली, आधीच्या मालकानं लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी आणखी खाली बसवणारे आखूड स्प्रिंग, टाकलेत का. हौसेच्या गाड्यांत हे फार आढळतं. टाकले असतील तर मूळ स्प्रिंग परत बसवा, निम्मा त्रास तिथंच जाईल. दुसरी, कंपनीचा खालचा प्लास्टिक ट्रे जागेवर आहे का. कुणीतरी ऑइल बदलताना काढलेला असतो आणि दोन क्लिप तुटल्या म्हणून तसाच लोंबत ठेवलेला असतो. लोंबता ट्रे प्रत्येक स्पीडब्रेकरला अडकतो आणि मालकाला वाटतं गाडीच खाली आहे.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल स्पीडब्रेकरचं माप दिलंय: १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी, मधली उंची १० सेंटीमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर आहे २७२० मिलिमीटर. म्हणजे अशा स्पीडब्रेकरच्या बरोबर मधे गाडी असली तर चारही चाकं उतारावरच असतात आणि माथा चाकांच्या रेषेच्या वर येतो जेमतेम साडेपाच सेंटीमीटर. तुमची गाडी आरामात जाते. पण गावात कुणीतरी एका रात्रीत डांबर ओतून हातभर रुंदीचा उंचवटा केला, की त्याची सगळी उंची पोटाखाली येते. तो १३-१४ सेंटीमीटरचा असला की संपलं. त्यात ही गाडी लांबुडकी. म्हणून दोष गाडीला देण्याआधी ग्रामपंचायतीला आणि बांधकाम विभागाला लेखी अर्ज द्या. हसू नका, शाळेपुढचे बेढब स्पीडब्रेकर असे दुरुस्त झालेले मी पाहिलेत.

तर चेंबर गार्ड. रंगाच्या परीक्षेत चेंबर किंवा त्याच्या शेजारचा भाग खरवडला गेला असेल, तरच तो लावा. फॅब्रिकेटरला ‘जाड’ एवढंच सांगू नका. ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं, ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमचं पावणेअकरा. नाकावर आधीच पाच लिटरचं व्ही-८ इंजिन बसलेलं; तिथं आणखी वजन टाकलं की पुढचे स्प्रिंग दबतात आणि ज्या उंचीसाठी खटाटोप केला तीच कमी होते. तुमच्या कामाला ॲल्युमिनियम पुरे. दगडधोंड्यात लोखंड सरस हे खरं, पण तुम्ही मस्टँग घेऊन नदीपात्रात उतरणार नाही.

पत्र्यापेक्षा बसवण्यात जास्त चुका होतात. गार्डचा भार सबफ्रेमवर यायला हवा; चेंबरवर किंवा गिअरबॉक्सच्या केसिंगवर टेकवला तर ठोका थेट तिथंच पोचतो. चेंबर आणि पत्रा यांच्यात बोटभर तरी फट हवी, नाहीतर पत्रा दबला की चेंबरही दबलं. बोल्टची डोकी पत्र्याच्या पातळीत बुडलेली हवीत, म्हणजे काउंटरसंक. बाहेर आलेलं एक डोकं स्पीडब्रेकरला अडकलं तर सगळा गार्ड उचकटून निघतो. पुढची कड वर वळवून घ्या. रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा खालून बाहेर पडते, तिच्यासाठी झरोके ठेवा. ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टसमोर भोक ठेवा, नाहीतर दर सर्व्हिसला मेकॅनिक तुमच्या नावानं शिव्या घालत सगळा पत्रा उतरवेल. आणि पुढच्या बाजूला टकरीत चुरगळण्यासाठी ठेवलेले जे भाग असतात, त्यांना पत्रा बांधू नका.

आपल्याकडचा एक खास धोका कुणी सांगत नाही. गाळप हंगामात रस्त्यावर उसाचं पाचट पसरलेलं असतं. ते गार्डच्या वर, गरम सायलेन्सरपाशी अडकून बसलं तर पेट घेऊ शकतं. हंगामात गाडी अधूनमधून लिफ्टवर घेऊन ते काढा.

नाक लागत असेल तर उपाय निराळा. बंपरच्या खालच्या कडेला कठीण पॉलिइथिलीनची, म्हणजे यूएचएमडब्ल्यू म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकची पट्टी स्क्रूनं बसवायची. ती घासून झिजते, बंपर वाचतो, झिजली की बदलायची. सायलेन्सरजवळ मात्र हे प्लास्टिक नको. साधारण १३० अंशांपुढं ते वितळतं. पोर्शेच्या ९११ ला बटण दाबून नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलायची सोय मिळते, आणि सध्याच्या पिढीत नाक कुठं उचललं ती जागा गाडी जीपीएसवर लक्षातही ठेवते. तुमच्या मस्टँगला कंपनीकडून तसं काही नाही. बाहेरून हवेचे लिफ्ट किट बसवता येतात, पण सस्पेन्शनशी खेळण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम ५२ आणि तुमची विमा पॉलिसी दोन्ही वाचा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबर घालण्याचा जुगाड तर करूच नका. स्प्रिंगचा तेवढा भाग मरतो, गाडी आपटायला लागते.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या पोटाला द्यायच्या लेपाबद्दल, तुम्ही शेवटी विचारलंय. ते गंज आणि उडणाऱ्या खडीसाठी चांगलं, स्पीडब्रेकरच्या घासण्यापुढं ते रेनकोटनं लाठीमार अडवण्यासारखं आहे.

चालवण्याचं म्हणाल तर ब्रेक आधी लावा आणि चाक स्पीडब्रेकरला टेकायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली जातं. तिरकी चढवली तर एकेक चाक वर येतं, पण आरशात बघून, कारण डावीकडून दुचाकीवाला येतोच. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीत दोन्ही चाकं घालू नका, एक बाजू मधल्या उंचवट्यावर ठेवा. मागं दोन माणसं बसली असतील तर वाईट स्पीडब्रेकरला त्यांना उतरवा. मस्टँगच्या मागच्या सीटवरून उतरायला त्यांना आनंदच होईल.

आणि कधी जोरात लागलीच आणि ऑइलचा लाल दिवा पेटला, तर इंजिन तिथल्या तिथं बंद करा. फुटलेल्या चेंबरनं गाडी गॅरेजपर्यंत रेटली आणि इंजिन जाम झालं, तर नेहमीची पॉलिसी ते पैसे देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. गाडी टोचन लावून ओढू नका, सपाट ट्रकवर चढवून न्या. रंग लावून खरवडलेल्या जागांचे फोटो इथंच टाका, म्हणजे गार्ड कुठून कुठपर्यंत घ्यायचा ते सांगता येईल.