बाइकचा बेंड पाइप निळा-जांभळा का पडतो? पॉलिशने जाईल का?

तुम्ही लिहिलंय की नव्या बाइकचा स्टेनलेसचा बेंड पाइप (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारी वाकडी नळी) इंजिनापाशी निळा, पुढे जांभळा आणि त्यापुढे सोनेरी झालाय, आणि मेकॅनिक म्हणतो ऑइल जळलं. ऑइल नाही हो. मी भोसरीत टिग वेल्डिंग करतो, हे पट्टे रोजचेच.

स्टील तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा. थोडा प्रकाश थराच्या वरूनच परततो, उरलेला आत जाऊन धातूवरून परततो, आणि बाहेर येताना दोघांतल्या काही लहरी एकमेकींना मारतात. थर पातळ असतो तेव्हा आधी निळा प्रकाश मरतो, म्हणून पाइप सोनेरी दिसतो. थर वाढला की हिरवा जातो आणि जांभळा उरतो. पिवळा-नारिंगी गेला की निळा. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलवर ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळा येतो, ५५० ते ६०० ला निळा. पट्टा बघून कुठे किती तापलं ते कळतं.

मग मेलेला प्रकाश जातो कुठे? साबणाचा फुगा असता तर पलीकडे गेला असता. इथे पलीकडे धातू आहे. परत आला नाही तो बहुतेक धातूच गिळतो, थोडासा तो थरही गिळतो. पुण्यात गच्चीगच्चीवर सोलरच्या काळ्या नळ्या आहेत ना, त्यांच्या लेपात हीच युक्ती मुद्दाम केलेली असते: ऊन गिळायचं, पण उष्णतेच्या लांब लहरींना हा लेप इतका पातळ की खालचा धातू उघडाच असल्यासारखा वागतो आणि उष्णता फारशी बाहेर टाकत नाही.

खात्री करायची तर पाइप गार असताना निळ्यावर तेलाचं बोट फिरवा. रंग तिथेच मळकट होईल, नीट पुसलं की परत येईल. तेलामुळे वरचं परावर्तन साधारण १७ टक्क्यांवरून ६ वर येतं, मग वरून परतलेला प्रकाश धातूवरून परतलेल्याला मारायला पुरत नाही. बफ केलेल्या पाइपावर रंग झळकतो, खरखरीत पाइपावर तोच थर फिका दिसतो, कारण प्रकाश चहूकडे विखुरतो.

डेअरीच्या टाकीवर आम्ही हा रंग ठेवत नाही. त्याखाली स्टेनलेसला गंजापासून वाचवणारं क्रोमियम कमी झालेलं असतं, तिथूनच गंज धरतो. पिकलिंग पेस्ट (ॲसिडची पेस्ट) लावून काढतो. तुमच्या पाइपाचा रंग मेटल पॉलिशने निघेल, पण सिंहगडाची एक फेरी झाली की परत चढायला लागेल. क्रोम प्लेटिंग असेल तर फार घासू नका.