गेममधली कार्लाक गेली, आणि मित्रही

"एका गेमवरून मुलाने शाळेपासूनचे मित्र तोडले. व्यसनच ना हे?" असं आई फोनवर विचारते. आठवड्याभराने तोच मुलगा समोर बसून विचारतो, "एवढ्याशा गोष्टीचा मला इतका त्रास का होतोय?" हल्ली समुपदेशनात हे दोन प्रश्न माझ्याकडे जोडीनेच येतात. मुलगा म्हणजे शाळकरी नव्हे. चांगला 22 ते 30 वयाचा, कमावता.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर देते. गेमिंगचा विकार हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. ती सुधारित यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळं मागे पडून गेमच पुढे आलेला असावा लागतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू असावं लागतं आणि हे सहसा वर्षभर दिसावं लागतं. नोकरी, जेवणखाण, झोप व्यवस्थित असलेला मुलगा शनिवारी रात्री मित्रांबरोबर खेळतो आणि त्यावरून त्यांच्याशी भांडतो, तेव्हा त्याला हे लेबल चिकटवायची घाई करू नये.

आता निनादबद्दल. नाव बदललं आहे आणि दोन-तीन जणांचे तपशील एकत्र केले आहेत.

गेम होता बाल्डर्स गेट 3. ऑगस्ट 2023 मध्ये आलेला, लॅरियन या बेल्जियन कंपनीचा रोल-प्लेइंग गेम. पात्र आपण घडवायचं, निर्णय आपण घ्यायचे, अडचणीच्या वेळी पडद्यावर वीस बाजूंचा फासा पडतो. चार जणांना एकत्र खेळता येतं. निनाद पुण्यात, बाकीचे तिघे नाशिक, हैदराबाद आणि बेंगळुरूत. शनिवारी जेवणं आटोपली की चौघे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर भेटायचे.

(गेम खेळायचा बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) पहिल्याच टप्प्यात एक वनराई लागते. तिथे टीफलिंग नावाचे शिंगवाले लोक आश्रयाला आलेले असतात, त्यांत मुलंही असतात. गॉब्लिनांची सेनापती मिन्थारा त्यांच्या मागावर असते. निनाद पॅलाडिन, म्हणजे शपथेला बांधलेला योद्धा. त्याची बाजू ठरलेलीच होती. पण या गेममध्ये संवाद ज्याने सुरू केला, उत्तर तोच निवडतो. बाकीचे ऐकू शकतात, पर्याय सुचवू शकतात, पण शेवटची क्लिक त्याची. निनाद आपलं गेममधलं सामान लावत असताना चौघांतल्या सौमित्रने परस्पर मिन्थाराला गाठलं, वनराईचा पत्ता सांगितला आणि पुढे हल्ल्यात तिची बाजूही घेतली. तसं केलं की कार्लाक आणि विल हे गेममधले दोन सोबती साथ सोडून जातात. आणि कार्लाक, छातीत हृदयाऐवजी इंजिन असलेली ती दणकट बाई, निनादच्या विशेष जिव्हाळ्याची.

निनाद म्हणाला, सेव्ह (म्हणजे डावाची आधी जपून ठेवलेली स्थिती) माझ्याकडे आहे, मागे नेतो. सौमित्र म्हणाला, मागे नेलंस तर मी येत नाही. निनादने कॉल कट केला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सोडला.

"नेमकं काय लागलं तुला?"

"त्याने विचारलं नाही, मॅडम."

"एरवी विचारतो?"

"ट्रिपचं ठिकाण, हॉटेल, सगळं तोच ठरवतो. आम्ही हो म्हणतो. मला वाटलं, निदान इथे तरी..."

इथे पुष्कळ जण खूश होतात: भांडण गेमचं नव्हतंच, सौमित्रच्या दादागिरीचं होतं, सापडलं! मला हे उत्तर अर्धवट वाटतं. गेम हे निमित्त म्हटलं की समोरच्याचे कित्येक महिने आपण फुकट ठरवतो. मी निनादला म्हटलं, तुझा पॅलाडिन दाखव. पुढच्या वेळी तो एक वही घेऊन आला. रेघांची, साधी. प्रत्येक शनिवारची नोंद, पॅलाडिनची शपथ त्याने स्वतः मराठीत लिहिलेली, समासात कुठे कुठे कार्लाकची वाक्यं. शेवटच्या पानावर एकच ओळ, दोनदा गिरवलेली: "लोड करू या." म्हणजे, जुनी सेव्ह उघडू या.

वही उघडी ठेवून मी विचारलं, "सौमित्रने जे केलं ते या पॅलाडिनच्या दृष्टीने काय?"

"विश्वासघात. सरळसरळ."

"आणि निनादच्या दृष्टीने?"

तो बोलायला गेला आणि थांबला. वहीकडे बघत राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं जमायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

"निनादच्या दृष्टीने... मित्राने गेममध्ये दुसरा पर्याय निवडला. न विचारता."

"दोन्हीचा राग सारखाच?"

"नाही. हा दुसरा राग फोन करून सांगता येईल एवढाच आहे."

ही फोड त्याची त्याने केली, याचं मला आजही समाधान वाटतं. पात्रात शिरण्यात काहीच वावगं नाही, गेम त्यासाठीच आहे. घोटाळा झाला तो पॅलाडिनने दिलेला निकाल निनादने मित्राला लागू केला तेव्हा. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस 1955 पासून जे सांगू लागले आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी जे रुजवलं, त्यावर माझी बैठक आहे. मित्रांना हा गेम माझ्यासारखा आवडावा, ही इच्छा कितीही तीव्र असली तरी निरोगी आहे. त्यांनी माझ्यासारखंच खेळलं नाही तर मैत्रीच खोटी, असा हट्ट धरला की झोप उडते.

सौमित्रला तशा खेळात काय आवडतं, हे निनादला सांगता येईना. वाद न घालता तेवढंच विचारून ये, म्हटलं. उत्तर आलं: "दिवसभर ऑफिसात शहाण्यासारखं वागतो, शनिवारी तरी बदमाशी करू दे की." आणि वर, "सेव्ह तुझ्याकडे म्हणजे तू मालक का?" हे मात्र निनादच्या ध्यानीमनी नव्हतं.

असे गट मला भेटतात तेव्हा मी एक गोष्ट आवर्जून सांगते. हा गेम ज्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळावर बेतला आहे, तो 1974 पासून टेबलाभोवती बसून खेळला जातो. तिथे गोष्ट पुढे नेणारा आणि निवाडा करणारा एक खेळाडू असतो, डंजन मास्टर. सुरुवातीला 'सेशन झीरो' घ्यायची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे: गोष्ट कोणत्या अंगाने न्यायची, काय कुणाला चालणार नाही, हे आधीच बोलून घ्यायचं. कॉम्प्युटर यातलं काही करत नाही. जो आधी क्लिक करेल त्याचं ऐकतो. मग ते बोलणं मित्रांनीच करायला हवं. मोठ्या निर्णयाआधी सगळ्यांना हाक मारायची का? सेव्ह मागे न्यायची तर किती जणांचा होकार लागेल? निरपराधांना मारणं चालेल का? अर्ध्या तासाचं काम आहे. आणि बिनसलंच तर रात्री एक वाजता हेडफोन लावून सोक्षमोक्ष लावू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि "मला वाईट वाटलं" इथून सुरुवात करा. "तू असाच आहेस" म्हटलंत की समोरचा तसाच वागतो.

आईवडिलांना एवढंच सांगते, "गेमच तर आहे" हे वाक्य गिळा. निनादचे वडील ते म्हणाले होते. मी त्यांना विचारलं, गल्ली क्रिकेटात "मी आउट नव्हतोच" म्हणून बॅट घेऊन घरी कोण जायचं? ते हसले. बॅट त्यांचीच असायची.

सौमित्रने आता 'डार्क अर्ज' (Dark Urge) हे गेममधलं खुनशी पात्र घेऊन स्वतःचा वेगळा डाव मांडला आहे. त्यात तो मनसोक्त खुनाखुनी करतो. निनादचा पॅलाडिन दुसऱ्या सेव्हमध्ये, कार्लाकसह. शनिवारचा जुना डाव तिच्याशिवायच पुढे चालला आहे, आणि आता तिघांतच. बेंगळुरूचा मित्र परत आलाच नाही. एकेकाची पाळी येईपर्यंत ताटकळत बसायच्या त्या लढायांचा त्याला पहिल्यापासून कंटाळा होता, म्हणे. तुम्ही भांडलात आणि मी सुटलो, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. निनादने मला तो मेसेज दाखवला आणि विचारलं, "मॅडम, याचा राग धरायचा का?"