जुन्या टाटा 1210 ट्रकमध्ये टाटाचं 697 इंजिन बसवतोय, इनटेक मॅनिफोल्ड कुठला लावू?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटणारा पाईप. त्याचे तुम्ही तीन पर्याय विचारलेत: भंगारातला ओरिजिनल, टर्बोवाला, की वर्कशॉपात पाईप वेल्ड करून घेतलेला. तिसरा डोक्यातून काढून टाका. गाडी कोकणात चालणार असेल तर आधी काढा. हे ऐकीव सांगत नाही, आमच्या घरात त्या पाईपावरून पंधरा वर्षं वाद चालू आहे.

आमची 1210 एसई होती, चिऱ्याच्या भाड्याला. आचऱ्याकडच्या खाणीतून चिरा भरायचा आणि फोंडा घाटातून वर कोल्हापूर. जुनं 692 इंजिन पार बसलं, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, भंगारातलं साधं, म्हणजे बिनटर्बोचं, 697 आणलं. ब्लॉक, हेड, पंप चांगले, इनटेक मॅनिफोल्ड तेवढा फ्लँजपाशी (हेडला बोल्टने आवळायच्या सपाट कडेपाशी) फुटलेला. दुसरा ओरिजिनल साडेतीन हजारांना मिळत होता. वर्कशॉपवाला म्हणाला, बाराशेत लोखंडी चौकोनी पाईपाचा करून देतो. मी नुकताच आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलो होतो. नको म्हणून सांगितलं. आप्पा म्हणाले, "अरे, वारो तो वारो. खयसून का जायना, इंजिनाक काय कळता?"

डिझेलपुरतं त्यांचं अर्धं बरोबर होतं. कार्बोरेटर नाही, पेट्रोल सहा ठिकाणी सारखं वाटायचं नाही, त्यामुळे नळ्यांची लांबी आणि वळणं यांचा पेट्रोलइतका फरक पडत नाही. पण 697 म्हणजे 97 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 5675 सीसी. 2400 फेऱ्यांवर (आरपीएम) ते मिनिटाला सहा हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. त्या हवेबरोबर जे आत जाईल ते लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, खातं.

दिवाळी ते मे गाडी झकास चालली. आप्पा दर फेरीनंतर मला ऐकवायचे. पावसात खाणी बंद, गाडी चार महिने खाडीकाठच्या मांगरात, म्हणजे साध्या शेडमध्ये, उभी. खारा वारा, वर पाऊस, आणि आतून रंग नसलेला उघडा लोखंडी पाईप. गणपती झाल्यावर इंजिन चालू केलं, पहिल्या सेल्फला लागलं. चौथ्या फेरीला फोंडा घाटात भरलेली गाडी चढेना. नेहमी दुसऱ्यात निघणारं वळण पहिल्यात रडतरखडत काढलं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, आणि ऑइल दर दोन दिवसांनी लिटरभर कमी.

हेड उघडलं. सहाही लायनरना उभ्या रेघा, त्यातल्या पाच आणि सहा नंबरला तर नख अडकेल एवढ्या. आप्पांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला: एअर फिल्टर मी नीट धुतला नाही, म्हणून धूळ गेली. आयटीआयच्या कागदाची किंमत बाबांसमोर आणि मेस्त्रीसमोर काढली. दिवाळीपासून होळीपर्यंत गाडी उभी राहिली आणि लायनर-पिस्टनचे पैसे बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून भरले. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग मी तो पाईप हॅकसॉने उभा कापला. फिल्टरकडून येणाऱ्या एल्बोच्या (वळणाच्या जोडपाईपाच्या) आत बोट फिरवलं तर स्वच्छ, फक्त ऑइलचा हलका हात. फिल्टरमधून धूळ गेली असती तर ती एल्बोत आधी दिसली असती आणि सहाही लायनर सारखेच घासले असते. एल्बोच्या पुढे मात्र पाईपभर गंजाच्या खपल्या, टकटक केलं की मूठभर खाली पडत होत्या. आणि पाच-सहाच्या फ्लँजपाशी चिऱ्याच्या लाल धुळीचे पट्टे, गॅस्केटच्या कडेपासून आत पसरलेले. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकली होती. सरळ पट्टी लावून पाहिलं, मधे पोस्टकार्ड जाईल एवढी फट. वर्कशॉपवाल्याने फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट, न करता दोन गॅस्केट आणि सीलंट थापून ती झाकली होती. साध्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, त्यामुळे फटीतून बिनगाळलेली हवा आतच जाते. बाहेर काही दिसत नाही, आवाज येत नाही, गाडी ओढायला कमी पडत नाही. कळतं तेव्हा लायनर गेलेले असतात.

आप्पांनी तो कापलेला पाईप पाहिला आणि म्हणाले, गंज सगळ्यांनाच येतो. म्हणून सांगतो, ओरिजिनल ओतीव ॲल्युमिनियमचा मिळाला तर तोच घ्या. त्यालाही खाऱ्या हवेत पांढरी पूड धरते, विशेषतः लोखंडी स्टडच्या भोवती, पण खपल्या सुटून सिलिंडरमध्ये जात नाहीत. स्टडना ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर पुढच्या वेळी काढताना कान तुटेल. घेण्याआधी हेडचं गॅस्केट त्यावर ठेवून पोर्टची तोंडं जुळतात का बघा, आणि सरळ पट्टी लावा. वाकलेला असेल तर फेसिंग करून घ्या, सीलंटवर भागवू नका.

टर्बोवाल्याबद्दल थोडक्यात. टर्बो न लावता त्याचा नुसता मॅनिफोल्ड लावून ताकद वाढत नाही. टर्बोच लावणार असाल तर पंपाचं सेटिंग, टर्बोची ऑइल लाईन आणि पिस्टन या सगळ्याचा खर्च धरा. टर्बोत मॅनिफोल्डची गळती बाहेर फुंकते, काळा धूर येतो, खेच कमी होते, म्हणजे निदान कळते तरी. पण फिल्टर ते टर्बो हा होज (रबरी पाईप) ओढीवरच असतो, तिथली क्लिप ढिली राहिली तर धूळ आतच. फिल्टरही बदला. 692 च्या मानाने 697 ला त्याच फेऱ्यांवर 18-19 टक्के जास्त हवा लागते. जुनी ऑइल बाथची डबी (ऑइलमध्ये धूळ पकडणारा फिल्टर) लहान पडते आणि स्वतःचं ऑइलच इंजिनात ओढू देते.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. तुमच्या डिझेल पंपावर व्हॅक्यूमचा गव्हर्नर (इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा) असेल, म्हणजे पंपाच्या मागे गोल डबी आणि तिच्यातून निघालेली नळी इनटेकच्या गळ्याला जोडलेली, तर तो गळा आणि त्यातली बटरफ्लाय (फिरणारी झडप) नसलेला मॅनिफोल्ड अजिबात लावू नका. व्हॅक्यूम मिळाला नाही तर स्प्रिंग रॅकला (पंपातल्या डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) फुल डिझेलवर ढकलते आणि इंजिन चालू करताच फेऱ्या सुटतात. वेटवाला मेकॅनिकल गव्हर्नर असेल तर ही भानगड नाही. तरी पहिल्यांदा चालू करताना हाताशी जाड फळी ठेवा, सुटलंच तर इनटेकच्या तोंडावर दाबायला. हात लावू नका.

स्टेनलेस पाईप, जाड फ्लँज आणि वेल्डिंगनंतर फेसिंग, इतकं मनापासून करणारा माणूस ओळखीचा असेल तर बनवलेलाही चालेल. मला तसा अजून भेटला नाही. आणि इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ती लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो.

पंपाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, गव्हर्नर कुठला आहे ते सांगतो.