ग्रेचकाचा वाडगा

प्रश्न : मूळची नाशिकची, सध्या मुलाकडे अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळ रँचो कॉर्डोव्हाला आले आहे. शेजारच्या युक्रेनियन आजींशी मैत्री जमली आहे. फोनवरच्या भाषांतरावर आमच्या गप्पा चालतात. त्यांना मधुमेह आहे. पाव-बटाटा सोडून दोन्ही वेळा ग्रेचका नावाचं धान्य शिजवून खातात, तरी साखर उतरत नाही. त्यांना ज्वारीची भाकरी सुरू करून देऊ का?

उत्तर : भाकरी हौसेने खिलवा, पण पथ्य म्हणून नको. त्यांच्याच स्वयंपाकघरात सगळं आहे.

ग्रेचका म्हणजे उत्तरेत उपासाला चालतो तो कुट्टू. सोव्हिएत काळात टंचाई असताना तो मधुमेहींना खास कुपनांवर मिळायचा. तेव्हापासून तो त्या पिढीला औषधासारखाच वाटतो. आपल्याकडे नाही का साबुदाणा 'हलका' असतो! पांढऱ्या पावापेक्षा ग्रेचका बरा, हे खरं. पण शिजवलेल्या एका कपात साधारण 33 ग्रॅम कर्बोदकं असतात.

अमेरिकेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना अशाच एका बाईंना मी ब्राउन राइस, किन्वाचा छापील तक्ता दिला होता. पुढच्या खेपेला पर्समधून निघाला तो घडीसुद्धा न मोडलेला. चूक माझीच. मग म्हटलं, रोजचा वाडगा घेऊन या. निळ्या काठाचा तो वाडगा पाण्याने मोजला, तर तीन कप! म्हणजे सहा-सात स्लाइस पाव खाल्ल्यासारखंच. "पण त्यात साखर नाही," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. चहाही बिनसाखरेचाच, फक्त सोबत बशीत चेरीचं वारेन्ये, चमच्याने खायला. मुरंबाच तो, पण त्यांच्या हिशेबी फळ.

तेव्हा आजींचा वाडगा आधी बघा. ग्रेचका एक कप पुरे. सोबत बटाटा न घातलेला बोर्श (बिटाचं सूप), कोबी-काकडी, अंडं, मासा किंवा त्वोरोग (आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी). खारवलेला कोबी आणि खारवलेला हेरिंग मासा मात्र रक्तदाब असेल तर बेतानेच. फ्रुक्टोजची 'मधुमेहींची' बिस्किटं घेऊच नका, मैदा त्यातही असतोच.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. साखर एकदम खाली जाऊ शकते. तिथे दवाखान्यात दुभाषी मोफत मागता येतो, तो मागाच. नातवाला मध्ये घालू नका. नातवासमोर कुठलीच आजी वारेन्येचं कबूल करत नाही.