पहिला ट्रायपॉड घेताना

आधी कॅमेरा आणि लेन्सचं वजन कर. ट्रायपॉडची क्षमता त्याच्या दुप्पट तरी हवी. त्याचं स्वतःचं वजन सव्वा-दीड किलो असलं तर राजहंसगड चढताना खांदा कुरकुरत नाही. अर्ध्या किलोचे स्वस्त ट्रायपॉड मोबाईलला ठीक.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- मधला दांडा आधीच वर ओढतात. आधी पाय उघड, तेही वरच्या जाड नळ्यांपासून. दांडा अगदी शेवटी.
- घडी लहान होते म्हणून पाच टप्प्यांचे पाय घेतात. खालची नळी करंगळीएवढी, वाऱ्यात थरथरते. चार टप्पे बास.

गोकाकच्या झुलत्या पुलावर मात्र चांगला ट्रायपॉडही कामाचा नाही, पूलच हलतो की! पक्की जमीन बघ, मधल्या दांड्याखालच्या हुकाला बॅग अडकव, कॅमेऱ्याचा दोन सेकंदांचा टायमर लाव.

कार्बन फायबरचे पाय, बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा गोल सांधा) वगैरे नंतर बघू. दुकानात पाय पूर्ण उघडून वरून दाबून बघ, मगच पैसे दे.